सिद्धगड दर्शनची लिफ्ट

सोसायटीचे किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते दाराची बेल वाजवून आत येतात, सोफ्यावर बसतात आणि वर चहा मागतात! मी मुरबाडमध्ये शाळेत शिकवते. शाळेतले किस्से मी हसत सांगते. सोसायटीचे सांगायला घेतले की हसता हसता दात कधी आवळले जातात ते कळत नाही. नवरा म्हणतो, "आधी बीपीची गोळी घे, मग सांग." आज गोळी घेऊनच बसलेय.

आमची बिल्डिंग चार मजली. नाव 'सिद्धगड दर्शन'. बिल्डरने पत्रकावर ढगात बुडालेला गड छापला होता. प्रत्यक्षात गडाचं दर्शन होतं ते चौथ्या मजल्यावरच्या एकाच गॅलरीतून. बाकीच्यांना दर्शन समोरच्या बिल्डिंगच्या वाळत घातलेल्या चादरींचं.

मी सेक्रेटरी कशी झाले? मीटिंग माझ्याच घरात होती. मी चहा टाकायला आत गेले. ट्रे घेऊन बाहेर आले तर सगळे टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, चहासाठी!

"अभिनंदन मॅडम! तुमी बिनविरोध सेक्रेटरी!" चेअरमन देसले म्हणाले.

"अहो, पण मी हो कधी म्हणाले?"

"नाय तरी कुठं म्हणालात?"

देसलेंचा गाड्या भाड्याने द्यायचा धंदा. चेअरमन झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी जीपच्या पुढच्या काचेवर लाल अक्षरात 'चेअरमन' लिहून घेतलं. कशाचे चेअरमन, ते लिहिलं नाही. आता नाक्यावर पोलीससुद्धा त्यांना सलाम करतो म्हणे.

*

गणपतीत लिफ्टची मोटर जळली. जळली म्हणजे काय, वास थेट तिसऱ्या मजल्यावरच्या आरतीत आला. लिफ्ट तळमजल्यावर येऊन बसली ती बसलीच. मी मेकॅनिकला फोन करत राहिले, देसले "बघू, बघू" करत राहिले.

दिवाळी झाली, आणि एका सकाळी लिफ्टच्या जाळीच्या दारातून मला आत काहीतरी दिसलं. बघते तर पोती! खालपासून वरपर्यंत रचलेली भाताची पोती!

तळमजल्यावर विशे राहतात. त्यांची शेती गावाला. भात झोडून झालं, ठेवायला घरात जागा नाही, म्हणून विशेंनी लिफ्टमध्ये भरलं.

"विशेभाऊ, अहो हे काय?"

"मॅडम, उंदीर नाय येत तिथं. चारी बाजूंनी पत्रा हाय ना!"

"अहो, पण ती लिफ्ट आहे!"

"बंदच हाय ना? मग रिकामी कशाला ठेवायची?"

मी देसलेंकडे तक्रार घेऊन गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "कुठला तांदूळ हाय? कोलम का?"

सोसायटीत मी पहिल्यांदा ओरडले ते त्या दिवशी. त्याआधी मला वाटायचं, मी शांत बाई आहे.

*

आता चौथ्या मजल्यावरच्या त्या गॅलरीबद्दल सांगते, कारण माझा खरा राग तिथे आहे.

तिथे जाधव सिस्टर राहतात, त्यांच्या लेकीबरोबर, प्रज्ञाबरोबर. सिस्टर सरकारी दवाखान्यातून रिटायर झाल्या. मुरबाडच्या आडगावांतून पायी फिरून बाळंतपणं केलेली बाई. बिल्डिंगमध्ये कुणाला ताप आला की आधी सिस्टर, मग डॉक्टर. विशेंच्या नातवाचा टाका काढायचा असो की देसलेंची शुगर बघायची असो, सिस्टर जिना उतरून जायच्या. बेल वाजवून कुणी बोलवायचीही गरज नसायची.

नवरात्रात त्या बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. कल्याणला ऑपरेशन झालं. परत आल्या तेव्हा लिफ्ट बंद. चौघांनी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून त्यांना वर चढवलं. चौघांत विशेभाऊ पण होते, हे सांगितलं पाहिजे. वर पोचल्यावर सिस्टर त्यांना म्हणाल्या, "खांदा दुखंल उद्या. ये, मलम देते."

त्यानंतर त्या खाली आल्याच नाहीत. वॉकर घेऊन घरातल्या घरात चालतात. चार जिने उतरायचे नाहीत, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून सिद्धगडाकडे बघत बसतात. त्यांचं माहेर त्याच्याच पायथ्याच्या अंगाला. तिथे त्यांच्या वडिलांनी आणि वस्तीतल्या लोकांनी मिळून बांधलेला विहार आहे. दर चौदा एप्रिलला सकाळची वंदना तिथे सिस्टर सांगतात. वडील गेले त्या वर्षापासून एकदाही चुकलेलं नाही.

"तवर होईल ना गो लिफ्ट?" त्यांनी मला विचारलं.

"होईल सिस्टर. नक्की होईल," मी म्हणाले. हातात काहीही नसताना नक्की म्हणाले.

*

मग मीटिंग बोलावली. विषय एकच, लिफ्ट.

पहिल्या मजल्यावरच्यांनी सांगितलं, डॉक्टरने त्यांना चालायला सांगितलंय. दुसऱ्यावरच्यांनी सांगितलं, त्यांना सवय झालीय. तिसऱ्यावरच्यांना वाटत होतं की आधी गेट रंगवावं, पाहुणे येतात ते गेट बघतात.

मी म्हणाले, "सिस्टर खाली येऊ शकत नाहीत. हे तुमच्या डोक्यात शिरतंय का?"

तेव्हा देसले म्हणाले, आणि अगदी मायेने म्हणाले, "मॅडम, पण त्यांना खाली येऊन काय करायचंय? भाजी लेक आणते. टीव्ही हाय. हवा पण वरच चांगली!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या हातातला कप मी बशीत एवढ्या जोरात ठेवला की बशी तडकली. याच माणसाची शुगर बघायला ती बाई भर पावसात जिने उतरायची! खाली येऊन काय करायचंय म्हणे! त्यांना खाली येऊन चिखल तुडवायचा असेल, कोपऱ्यावर वडापाव खायचा असेल, तुमचं तोंड बघायचं नसेल म्हणून दुसरीकडे बघायचं असेल. तुम्हाला काय करायचंय?

हे सगळं मी बोललेसुद्धा. मिनिट्समध्ये देसलेंनी लिहायला लावलं, 'सविस्तर चर्चा झाली.'

*

तोंडी जमत नाही म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. 'लिफ्टअभावी जाधव सिस्टर घरात अडकून आहेत. कृपया सर्वांनी सहकार्य करावे.'

धडाधड उत्तरं आली. जोडलेले हात! एकजात सगळ्यांनी हात जोडले. एकाने गुलाबाचं फूल टाकलं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका महाभागाने लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली.' संदेश पूर्ण वाचायचे कष्ट कोण घेतो!

त्याखाली आणखी तिघांनी श्रद्धांजली वाहिली.

मी तडक वर गेले. सिस्टर गॅलरीत बसून फोन बघत होत्या. म्हणाल्या, "गो, माझ्या घरी कोणी रडायला नाय आला. चौथा माळा ना, दम लागतो लोकांना!"

*

पुढची मीटिंग पौषात ठेवली. रविवारी, सकाळी. सगळ्यांच्या सह्या घेतल्या. खुर्च्या मांडल्या. मी आणि प्रज्ञा, दोघीच बसलो. कोणी येईना!

देसलेंना फोन लावला. मागून भोंगे, गोंगाट, बैलांच्या घुंगरांचा आवाज.

"मॅडम, म्हसा गावात हाय! जत्रा हाय ना! सगळेच हाईत इथं, विशेभाऊ पण हाईत. तुमाला घोंगडी आणू का?"

"मीटिंग आहे आज!"

"मग इथंच घेऊ की! कोरम पुरा हाय!"

आणि खरंच, संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला. पाळण्यासमोर उभे सगळे सभासद, हातात भजी. खाली लिहिलेलं, 'सोसायटीची सभा खेळीमेळीत संपन्न.' ठराव काय झाला विचारलं तर म्हणे, लिफ्टचा विषय पुढच्या सभेत घ्यायचा असा ठराव झाला. एकमताने!

*

लिफ्ट शेवटी दुरुस्त झाली ती माझ्या ओरडण्याने नाही. निवडणूक येऊ घातली म्हणून झाली. देसलेंचे एक साहेब आहेत. त्या साहेबांनी नवी मोटर दिली. शिमग्याच्या आसपास मेकॅनिक आला, विशेंची पोती निघाली, लिफ्ट वरखाली दोन फेऱ्या मारून आली. मी जाळीला हात लावून बघितला आणि चक्क डोळ्यांत पाणी आलं.

मी जिन्याकडे धावले, सिस्टरना सांगायला. मागून आवाज आला, "मॅडम, थांबा! अजून उद्घाटन नाय झालं!"

देसलेंनी तळमजल्यावरच्या जाळीला आडवी लाल रिबीन बांधली आणि मीटर रूममधला मेन स्विच बंद करून कुलूप लावलं. किल्ली खिशात!

"अहो, चालू लिफ्ट बंद करून ठेवताय?"

"साहेबांची मोटर हाय. साहेबांच्या आधी कोणी चढला तर साहेबांचा अपमान."

साहेबांनी एक तारीख दिली, ती लग्नात गेली. दुसरी दिली, ती दौऱ्यात गेली. रिबिनीवर धूळ बसली. देसले रोज ती फडक्याने पुसायचे. लिफ्ट वापरात नव्हती, पण रिबीन स्वच्छ पाहिजे!

मी सांगितलं, चौदा तारखेला सकाळी सिस्टरना निघायचंय, त्याआधी चालू करा.

"त्याच दिवशी जायला पाहिजे असं काय? दुसऱ्या दिवशी जातील," देसले म्हणाले.

"मग तुमची म्हशाची जत्रा पण आपण उन्हाळ्यात घेऊ या का?"

ते जीपकडे निघून गेले. आठवड्याभराने हसत हसत आले. "मॅडम, काम झालं! साहेब चौदालाच येतात. मुरबाडात पुतळ्याला हार घालायचाच हाय त्यांना. जाताजाता आपली लिफ्ट!"

*

चौदा तारीख. सकाळपासून तळमजल्यावर सतरंजी, स्पीकर, नारळ, ताटात कात्री. बाहेर प्रज्ञाने ठरवलेली जीप उभी. साहेबांचा पत्ता नाही.

सिस्टर वर पांढरी साडी नेसून दारात खुर्चीवर बसलेल्या. गावातून फोनवर फोन येत होते, बायका विहारात जमल्या होत्या. विशेभाऊ वर जाऊन म्हणाले, "सिस्टर, आमी खुर्चीवरनं उतरवतो ना तुमाला."

सिस्टर म्हणाल्या, "नको रे भाऊ. खाली लिफ्ट असताना मी उचलून घ्यायची नाय."

मी देसलेंना गाठलं. "किल्ली द्या. एकच फेरी होऊ द्या."

"साहेब कमानीपाशी आलेत मॅडम! त्यांचं झालं की पहिली फेरी सिस्टरची, शब्द देतो!"

शब्द! बोलून बोलून माझा घसा बसला होता.

साहेब आले. फटाके वाजले. देसलेंनी धावत जाऊन कुलूप काढलं, मेन स्विच चालू केला, म्हणजे रिबीन कापल्या कापल्या साहेबांना वर नेता येईल. सत्कार सुरू झाला. शाल, श्रीफळ, मग दुसरी शाल. मी जिन्याच्या कोपऱ्यात जाऊन प्रज्ञाला फोन लावला आणि एवढंच म्हणाले, "स्विच चालू झालाय."

साहेबांनी ताटातली कात्री उचलली. फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, जरा इकडं बघा." साहेब इकडं बघून हसत राहिले. आणि त्यांच्या पाठीमागे लिफ्ट घरघरत वर निघून गेली.

"कोण हाय वर? कोणी बटन दाबलं?" देसले ओरडले. सगळ्यांच्या माना वर. स्पीकरवाल्याने गाणं बंद केलं. आता फक्त मोटरचा आवाज येत होता. लिफ्ट वर थांबली, जाळी सरकल्याचा आवाज आला, जाळी लागल्याचा आवाज आला, आणि ती खाली यायला लागली.

आधी खुर्चीचे पाय दिसले. मग चपला. मग पांढरी साडी, मांडीवर फुलांची परडी. मागे वॉकर धरून उभी प्रज्ञा. लिफ्ट तळमजल्यावर टेकली. प्रज्ञाने आतून दोन्ही जाळ्या सरकवल्या. बाहेर शाल पांघरलेले साहेब कात्री घेऊन उभे, आत सिस्टर बसलेल्या, मध्ये रिबीन.

कोणी हलेना. देसलेंच्या हातातला नारळ तसाच.

सिस्टरनी साहेबांकडे बघितलं, कात्रीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "कापायची तं कापा साहेब, नायतर सरका बाजूला. बाहेर जीप उभी हाय."