पाणी उतरायच्या आधी

२००५च्या पुरात मी बहिणीच्या गावी अडकलो होतो. चारी बाजूंना पंचगंगेचं पाणी होतं. तिच्या सासऱ्यांची औषधं आणायला एका सकाळी होडीनं पलीकडे निघालो, तेव्हा ती बाई भेटली. नाव मी विचारलं नाही. वर्षाच्या आतलं पोर तिनं जुन्या लुगड्यानं पोटाशी घट्ट बांधलं होतं आणि तळहातानं त्याचं डोकं ती सारखं झाकत होती.

“पोरगं आजारी हाय व्हय?” नावाड्यानं विचारलं.

“न्हाय. गोवराची लस टोचायची हाय.”

“मग पाणी उतरल्यावर जायचं की!”

“थोरलीच्या येळंला असंच थांबलो हुतो, दादा,” ती पाण्याकडं बघत म्हणाली. “गोवरानं गेली ती.”

नावाडी खाली मान घालून वल्हवत राहिला.

पलीकडच्या दवाखान्यात तिच्यामागंच माझा नंबर होता. नर्सनं दंडात सुई टोचली तसा पोरानं टाहो फोडला. त्याला गप्प करायला मी चुटक्या वाजवू लागलो, तर तिनं हातानं थांबवलं.

“रडू दे, पावणं. थोरलीला शेवटी रडाय बी येत नव्हतं.”

आणि डोळे मिटून ती ते रडणं ऐकत राहिली.