चाळीस बाभळींचे मालक

दगडाबाईच्या कुऱ्हाडीला धार होती आणि जिभेला त्याहून जास्त. जामखेडच्या अंगाला आमच्या गावात ती आणि तिची तीन शेरडं राहायची. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. शेरडं जगायची गायरानातल्या बाभळीच्या शेंगांवर, आणि दगडाबाई जगायची शेरडांवर.

सत्तर साली बाभळी उरल्या जेमतेम चाळीस. जो तो सरपणाला तोडायचा. सरपंच आप्पासाहेबांनी चावडीवर सगळ्यांना बोलावलं. "बेवारशी झाडावर कुनीबी कुऱ्हाड घालतंय. आता दर झाडाला मालक! राखायचं त्यानं, फांद्या-शेंगा बी त्याच्याच. बाजारात इकायच्या तर इका."

यादी झाली ती घरटी एका पुरुषाच्या नावानं. दगडाबाई उठली. "मला मालक न्हाई."

आमच्याकडं बायका नवऱ्याला मालकच म्हणतात, त्यामुळं सगळी चावडी खो खो हसली. आप्पासाहेबही हसले, याचा मला अजून राग येतो.

"मंग झाड कसं देनार तुमाला?"

"शेरडांनी काय तुमचा ठराव खायाचा का?"

ठराव झालाच. खोडाखोडावर गेरूनं मालकांची नावं रंगवली.

दुसऱ्या दिवशी छबूबाई सरपणाला गेली. नवऱ्याच्या बाभळीवर कुऱ्हाड उगारली आणि थबकली. जिनं जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नाही, ती त्याच्या नावावर घाव कशी घालणार? म्हणून तिनं शेजारची बाभळ धरली. ती निघाली केशरबाईच्या नवऱ्याची.

"माझ्या मालकाला हात लावतीस व्हय गं?" म्हणत केशरबाईनं तिच्या झिंज्याच धरल्या.

पुरुषांनी सरपण आणावं म्हटलं, तर तसली रीत आमच्या गावात नव्हती. दोन दिवस अर्ध्या गावानं कच्च्या भाकरी खाल्ल्या. मग साऱ्याजणी दगडाबाईच्या दारात.

"आत्या, तुमी तोडा. तुमाला कुनाचं नाव आडवं येत न्हाई."

"तोडते की. वाळल्या फांद्या तुमच्या, शेंगा माझ्या. आन वली फांदी कुनी मागायची न्हाई."

मालकांनी जरा कुरकुर केली, पण पोटात भाजलेली भाकरी गेल्यावर गप्प बसले. वर्षभरात बाभळी भरल्या, शेरडं तिनाची सात झाली.

आप्पासाहेब वरमले. त्यांनी आपली बाभळ दगडाबाईला दिली, स्वतःचं नाव खरवडून काढलं आणि गेरूनं लिहिलं, 'दगडाबाई'. तिनं ते त्यांच्याकडून तीनदा वाचून घेतलं. स्वतःचं नाव कुठं लिहिलेलं तिनं कधी पाहिलंच नव्हतं. पदरानं डोळे पुसले, एक वाळकी फांदी काढायला कुऱ्हाड उगारली, आणि हात काही खाली येईना.

"आप्पासाहेब, तुमीच घाला."

आप्पासाहेब दोन पावलं मागं सरले. "दगडाबाईवर घाव? न्हाई बा. मला गावात ऱ्हायचंय."