बांधून ठेवलेला मथळा

टेलिप्रिंटरची घंटा एकदा वाजली तर आम्ही मानही वर करत नसू. त्या दुपारी ती थांबेचना. टेलिप्रिंटर म्हणजे तारेवरून आलेली बातमी कागदाच्या गुंडाळीवर टाइप करणारं यंत्र. साधी बातमी मुकाट नाहीतर एखाद्या घंटेने यायची, मोठी सतत घंटा वाजवत यायची. तिला आम्ही फ्लॅश म्हणायचो. हातातला चहा टेबलावर आदळून मी धावले.

पंजाबातल्या अतिरेक्यांचा म्होरक्या चकमकीत ठार.

"आबा, मारला त्याला," मी जिन्यातूनच ओरडले.

ही ऐंशीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. जळगावातलं आमचं सायंदैनिक दुपारी छापलं जायचं आणि संध्याकाळी विकलं जायचं. मी उपसंपादक. इंग्रजी बातमी मराठीत आणायची आणि तिला मथळा द्यायचा, हे माझं काम. आबा संपादक आणि मालकही. फ्लॅश वाचून ते खुर्चीतून उठले, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि म्हणाले, "पहिलं पान फोडा. सगळं खाली घ्या. बॅनर लावू."

बॅनर म्हणजे पानभर रुंद मथळा. असा दिवस रोज येत नाही. मला मनापासून आनंद झाला होता. त्या माणसाच्या नावावर जमा असलेल्या कितीतरी हत्यांच्या बातम्या मीच मराठीत उतरवल्या होत्या. मेला ते बरंच झालं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

तेवढ्यात रावेरहून सुकदेवनानांचा फोन आला. नाना तिथले आमचे विक्रेते. किती अंक हवेत ते सांगायला रोज याच सुमारास फोन करायचे. मी त्यांना बोलूच दिलं नाही. "नाना, आज जास्त अंक मागवा," म्हणत सगळी बातमी सांगून टाकली.

नाना म्हणाले, "मंग आता तिकडलं सगळं थंड होईन ना, ताई?"

"म्हणजे?"

"आपला भास्कर केळी घेऊन दिल्लीले पोचला. लुधियान्याचा व्यापारी म्हणतो, गाडी इकडंच आण. मी पोराले दिल्लीतच थांबवलं हाये. आता त्याचा ट्रंक कॉल येईन. जा म्हणू का नको म्हणू? तुम्ही पेपरात जे छापसान, तेच सांगतो त्याले."

नानांचा तो एकुलता ट्रक, आणि चालवणारा एकुलता मुलगा. पंजाबच्या रस्त्यावर ट्रक अडवून ड्रायव्हरला खाली उतरवण्याचे प्रकार चालू होते. रावेरच्या बऱ्याच गाड्या दिल्लीच्या पुढे जाणं टाळत होत्या. "थोड्या वेळाने फोन करा," म्हणून मी रिसीव्हर ठेवला. चहा तोवर गार झाला होता.

मथळा लिहायला कागद ओढला, तर छापखान्याचे फोरमन रफीकभाई हसत समोर उभे.

"ताई, लिहू नका. तयार आहे."

आमच्याकडे तेव्हा खिळे जुळवून छपाई व्हायची. एकेक अक्षराचा एकेक खिळा. छापून झालं की खिळे परत आपापल्या खणात टाकायचे. पण जो मजकूर पुन्हापुन्हा लागतो, तो मोडायचा नाही, दोऱ्याने बांधून फळीवर ठेवायचा. 'बाजारभाव', 'निधनवार्ता', 'आजचे भविष्य', असे मथळे तिथे कायमचे पडून असत. रफीकभाईंनी त्याच फळीवरून एक लांबलचक जुडगा उतरवून टेबलावर ठेवला आणि फुंकर मारून धूळ उडवली. खिळ्यांवर अक्षरं उलटी असतात, पण आम्हाला सवय होती. मी वाचलं: 'अतिरेक्यांचे कंबरडे मोडले'.

"हे कधीचं?"

"मागच्या म्होरक्याचं. त्याच्या आधीच्यालाही हेच होतं. तेव्हाच म्हटलं, बांधून ठेवावं. मेहनत वाचते. वर फक्त नाव बदलायचं."

ते मजेत बोलत होते. माझा मात्र सगळा उत्साह तिथल्या तिथे बसला. दोनदा मोडलेलं कंबरडं आज तिसऱ्यांदा मोडणार होतं. मागच्या वेळी हा मथळा छापला, त्यानंतर आठवडाही गेला नसेल, बसमधून प्रवासी उतरवून मारल्याची बातमी आली होती. तीही मीच लिहिली होती.

मी आबांकडे गेले. "आबा, नुसतं 'म्होरक्या ठार' देऊ. कंबरड्याचं नको."

"का? मुंडकं उडाल्यावर धड उभं राहतं का?"

"यांचं दोनदा राहिलंय."

"मग काय, पोलिसांनी त्याला सोडून द्यायचा होता?"

"तसं कुठे म्हणतेय मी? मारला, हे तारेवर आलंय. कंबरडं मोडलं, हे कोणी कळवलंय? ते आपणच फळीवरून काढतोय."

आबा चिडले. "लोक आज खूश आहेत. त्यात मिठाचा खडा टाकायचा नाही. बॅनर तोच जाईल."

मालकच ते. पान मशिनवर चढलं. खालून मशिनची धडधड सुरू झाली आणि वर फोन वाजला.

"काय छापलं, ताई?" नानांनी विचारलं.

"कंबरडे मोडले, असं छापलंय."

"मंग जा म्हणतो त्याले."

"नको. माल दिल्लीतच उतरवा."

"मंग पेपर खोटा हाये का?"

"पेपर खुशीत आहे, नाना. भास्करला माघारी बोलवा."

दिल्लीत केळीला त्या दिवशी उठाव नव्हता. नाना फोनवर चांगलेच कुरकुरले. माझं चुकलं असतं तर त्यांनी मला जन्मभर ऐकवलं असतं. खरं तर मलाही नक्की काय माहीत होतं? पण भास्कर परत आला.

त्याच आठवड्यात टेलिप्रिंटर पुन्हा घंटा वाजवू लागला. संघटनेने नवा म्होरक्या नेमला होता, आणि लुधियान्याच्या रस्त्यावर ट्रक अडवून ड्रायव्हर मारले होते. मी कागद आबांसमोर ठेवला. नानांच्या गाडीचं मी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी बातमी वाचली, चष्मा काढला आणि खाली कंपोझिंगमध्ये, खिळे जुळवायच्या खोलीत गेले. मीही मागोमाग गेले.

"रफीकभाई, तो कंबरड्याचा मथळा सोडा."

"परत लागला तर, आबा?"

"तर परत जुळवा. तेवढा वेळ लागू दे. तेवढ्यात कोणीतरी विचार करील."

रफीकभाईंनी दोरा सोडला आणि एकेक खिळा खणात टाकायला घेतला.

पुढेही म्होरके मारले गेले, दर वेळी घंटा वाजली. आम्ही 'ठार' एवढंच छापत राहिलो. ते सगळं शेवटी शमलं ते नव्वदच्या दशकात, हळूहळू. नेमकं कोणत्या दिवशी, ते कोणालाच सांगता येणार नाही. मला मात्र ते एका फोनवरून कळलं. नाना नेहमीप्रमाणे अंक सांगत होते. बोलता बोलता मी भास्करची चौकशी केली.

"तो कालच गेला लुधियान्याले," नाना म्हणाले.

"मला विचारलं नाहीत?"

"त्यात इचारायचं काय?"

टेलिप्रिंटर शेजारीच होता. त्या दुपारी त्याची घंटा एकदाही वाजली नव्हती.