रताळी की रताळू

गजेंद्र मोहिते बडोद्याजवळ कोयलीच्या एका कारखान्यात हंगामी फिटर होता, आणि धावण्यात पटाईत. त्या वर्षी साहेबांनी शब्द दिला: कारखान्यांच्या स्पर्धेत चारशे मीटरमध्ये पहिल्या तिघांत ये, नोकरी कायम करतो. नुकतंच लग्न झालेलं. सगळा संसार आता त्याच्या पायांवर होता.

सकाळी प्राथमिक फेरी, संध्याकाळी अंतिम. दरवर्षी गजेंद्र सकाळी जीव तोडून पळे आणि संध्याकाळी ढेपाळे. त्याला शिकवणाऱ्या विश्वासरावांनी यंदा कारण हुडकलं. मधल्या वेळात हा पठ्ठ्या सायकल हाणत पार शहरापलीकडे तरसालीला घरी जेवायला जाई आणि तसाच परत येई!

"अरे बाबा, जोरात पळालं की स्नायूंतली साखर झपाट्याने संपते. पण लगेच खाऊन आडवा झालास, तर भरतेही झपाट्याने. तू ती सायकलीवर उधळतोस! उद्या मैदानावरच पोटभर भात खा."

"उद्या महाशिवरात्र, सर. उपास आहे."

"मग उकडलेली रताळी खा!"

त्याची बायको वसुंधरा साताऱ्याची, बडोद्यात नवी. तिने बाजारात रताळी मागितली. गुजरातीत रताळ्यांना शक्करिया म्हणतात हे बिचारीला कुठून ठाऊक? भाजीवालीने "ल्यो बेन, रताळू" म्हणत कंद पिशवीत टाकला. घरी चिरला तर आत गर्द जांभळा! शेजारच्या मथुराबाई म्हणाल्या, हे आपलं कोनफळ, उपासाला चालतं, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

सकाळची फेरी पार करून गजेंद्र धापा टाकत आला, तर दोन बस बदलून वसुंधरा डबा घेऊन हजर. त्याने झाकण उघडलं.

"हे काय गं?"

"रताळी," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "चुकलं हो माझं. पण उपासाला चालतं, विचारलंय मी. खा ना!"

गुळासोबत त्याने डबा चाटूनपुसून संपवला आणि लिंबाखाली ताणून दिली. ती शेजारी बसून पदराने माश्या वारत होती. संध्याकाळी शेवटच्या वळणावर पाय जड होतील म्हणून तो धास्तावला होता, पण पाय पळतच राहिले. तिसरा आला. नोकरी कायम झाली.

पुढे मुलं झाली, घर झालं. दर महाशिवरात्रीला गजेंद्र स्वतः तोच जांभळा कंद आणी. विश्वासराव हसून म्हणत, "अरे, रताळ्यांनीही तेच झालं असतं!"

"झालं असतं, सर," गजेंद्र म्हणे. "पण रताळी तुम्ही सांगितली होती. रताळू घेऊन ती आली होती."