खोडायची मुभा

भोकरदनच्या त्या समुपदेशक बाईंचे टेबल कायम भिंतीला लावलेले असे. आपल्या आणि समोरच्याच्या मध्ये त्या काहीच ठेवीत नसत. खुर्च्या कुठे मांडायच्या, हेही येणाऱ्यालाच विचारीत. ऐकून झाले की वहीत एखादा शब्द लिहीत आणि वही पुढे करीत. "मी बराबर समजले का? न्हाई तर खोडा." संस्कृत शिकवताना जन्मभर विद्यार्थ्यांच्या वह्यांतल्या चुका मी खोडल्या; त्यामुळे मला ही उलटी रीत रुचत नव्हती.

तिचे तान्हे बाळ गेल्यापासून माझी मुलगी दोन महिने जवळजवळ मूक होती, म्हणून मी तिला या बाईंकडे नेत होतो. त्या दिवशी तिची संमती घेऊन बाईंनी मलाही आत बसवले. त्यांनी वहीत 'दुःख' लिहिले. मुलीने पेन घेतले, शब्द खोडला आणि शेजारी 'राग' लिहिले.

"कुणाचा, ताई?"

"बाबांचा. बाळ गेलं तेव्हा म्हणाले, प्रारब्ध."

माझ्या ओठांवर श्लोक आला. बाई म्हणाल्या, "काका, उत्तराची जल्दी करू नका. काय ऐकलं, तेवढंच तिला सांगा."

श्लोक मी मागे घेतला. "तुला रडायचे होते, आणि मी अर्थ सांगत बसलो. बराबर समजलो का, बाळा?"

बाईंनी माझे वाक्य वहीत उतरवले आणि वही मुलीपुढे ठेवली. तिने पेन उचलले. कितीतरी वेळ ते माझ्या वाक्यावर अधांतरी राहिले.

मग तिने त्याला टोपण लावले.