नव्या कर्नेलनंतरची शांतता

आई गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, पाहुणे गेले, आणि मी पुन्हा कामाला बसले. माझं काम म्हणजे लोकांच्या मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करणं. वरठी गावातल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत माझा जुना कंप्युटर आहे. त्यावर लिनक्स ही हलकी, फुकट मिळणारी सिस्टिम टाकलेली, कारण दुसरं काही त्याच्याने ओढवत नव्हतं.

फाइल लावली. पट्टी पुढे सरकत होती, आवाज मात्र नव्हता. मी तशीच बघत बसले. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की आपण काहीच ऐकत नाही आहोत.

आवाज नेमका कधी गेला, सांगता येत नव्हतं. आई दवाखान्यात असताना स्क्रीनवर अपडेटची सूचना आली होती आणि मी न वाचताच हो म्हटलं होतं. त्यानंतर घरात कोणी काही लावलंच नव्हतं.

सेटिंगमध्ये स्पीकरच्या जागी ‘डमी आउटपुट’, म्हणजे नुसता नावापुरता स्पीकर, असं लिहिलेलं होतं. कमांड लिहायची खिडकी, टर्मिनल, उघडून आवाज देणारं साउंड कार्ड कुठलं आहे ते विचारलं, तर एकही नाही असं उत्तर आलं. आवाजाची सर्व्हिस बंद करून पुन्हा सुरू केली. फरक पडला नाही. मला चीडही आली नाही. मोबाइलवर सांगितलेलं एकेक करत गेले, एवढंच.

बाबा दारात येऊन उभे राहिले. स्टील प्लांटमध्ये सगळी नोकरी झाली, त्यात त्यांचा डावा कान गेला.

"काय करून राहिली?"

"आवाज येत नाही कंप्युटरचा."

"काहून?"

"अपडेट केलं, तेव्हापासून."

"चालू होतं तं कायले केलं?" ते म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता आत गेले.

मोबाइलवर आणखी शोधलं. माझ्यासारख्याच जुन्या मशीनवाल्या कोणीतरी लिहिलं होतं, अपडेटबरोबर आलेल्या नव्या कर्नेलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, हे कार्ड ओळखता येत नाही, सुरू होताना जुना निवडा. मशीन बंद करून चालू केलं, काळ्या पडद्यावरच्या यादीतून आधीचा कर्नेल निवडला. कार्ड दिसलं. आवाज तरीही नाही. आवाज कमी-जास्त करायचा मिक्सर स्क्रीनवर उघडला, तर मुख्य पट्टीखाली म्यूटची खूण. ती काढली, आवाज पूर्ण वाढवला आणि स्पीकर तपासायची कमांड दिली.

एक बाई स्पष्ट आवाजात म्हणाली, "फ्रंट लेफ्ट." मग, "फ्रंट राइट."

आतून बाबा लगबगीने आले. हातात अर्धा सोललेला लसूण होता.

"कोण आलं?"

"कोणी नाही, बाबा. कंप्युटर आहे."

"बाई बोलली ना."

"तपासायला असतो तो आवाज."

ते माझ्या शेजारी खुर्चीवर बसले. उजवा कान स्पीकरकडे केला.

"लाव बरं अजून."

मी लावलं. ती बाई पुन्हा पुन्हा तेच बोलत राहिली. बाबांनी मान हलवली. "बराबर येते आता," म्हणाले, आणि लसूण सोलायला लागले. सालपटं टेबलावरच पडत होती.

आपल्याला आता रडू येईल असं वाटलं. आलं नाही. मी कमांड थांबवली आणि मुलाखतीची फाइल सुरुवातीपासून लावली. कोणी एक माणूस धानाच्या रोवणीबद्दल, भाताची रोपं कशी लावतात ते सांगत होता. बाबा थोडा वेळ ऐकत बसले, मी टाइप करू लागले.