वीस डोक्यांचा एक मेंदू

भाचीच्या प्रयोगशाळेत पडद्यावर एक मेंदू फिरत होता. त्याचा कानाजवळचा भाग केशरी झाला होता.

"हा माझा का गं?" मी विचारलं.

"प्रयोगाला आलेल्या तुम्हा वीस जणांचा मिळून आहे, मावशी."

प्रत्येकाच्या मेंदूच्या घड्या वेगळ्या, म्हणून आधी सगळे ताणून-चेपून एका नमुन्याच्या मेंदूवर बसवायचे आणि मगच तुलना करायची. माझा डावीकडून जरा ओढावा लागला म्हणे. शाळेत बाई कान ओढायच्या, ते आठवलं.

मग मी कबूल करून टाकलं. गेल्या महिन्यात डोक्यावर तारांची टोपी घालून नुसती टिकटिक ऐकायची होती, तेव्हा माझं सगळं लक्ष घरी ओट्यावर उघड्या राहिलेल्या दुधात होतं. तिचं काम तर बिघडलं नाही ना?

ती हसली. "प्रत्येकाचं काहीतरी चाललेलंच असतं. सरासरीत ते पुसलं जातं, टिकटिक तेवढी उरते."

मला बरं वाटलं. वीस अनोळखी माणसं, वीस काळज्या, आणि तरी एका आवाजाला सगळ्यांनी एकाच जागेवरून ओ दिली होती.

मी केशरी ठिपका पुन्हा निरखून पाहिला. माझं दूध तिथे कुठेच सापडलं नाही. ते त्याच दिवशी मांजराला सापडलं होतं.